नदीची निंदणी

आमच्या अंगणात सकाळ कोंबड्यानं होत नाही, चापटीनं होते. पहिली चापट सुनेची, स्वतःच्याच पिंढरीवर. दुसरी मोठ्या नातीची, मानेवर. मग धाकट्या दोघांची, जिथे हात पोचेल तिथे. माझा नवरा दारातल्या स्टुलावर बसून ऐकत असतो. त्याला दिसत नाही. ह्याच नदीकाठच्या काळ्या माशीनं त्याचे डोळे नेले. त्याला आता इतकी वर्षं झाली की कोणी हळहळलं तर तोच समजूत घालतो, "असू दे रे, बायकोचा चेहरा तरी माझ्यासाठी तरुणच राहिला." मी हे ऐकून घेते, कारण ते खरं आहे. चेहरा होताच तसा.

त्या दिवशी तिळाची निंदणी होती. सून खुरपं घेऊन निघाली, दारात थांबली, वाकून घोट्यावर एक चापट मारली आणि सरळ होत म्हणाली, "आई, शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं की मी पोरांना घेऊन कितगुमला जाते."

माझी सून लाम्वाका. मोजकं बोलते, पण बोलली की खुंटा ठोकल्यासारखं. माझा मुलगा ओब्वोना कितगुम शहरात मालट्रक चालवतो आणि सणासुदीला घरी येतो.

"सणाला जातेस का?" मी विचारलं. मला सगळं कळलं होतं, तरी विचारलं.

"राहायला. त्यांनी खोली बघितलीय. तिथे माशी नाही."

"गोळ्या घेतोय की सगळे! दरवर्षी दवाखान्याची माणसं काठी घेऊन येतात, उंची मोजतात, त्या मापानं गोळ्या देतात. तू घेतेस, मी घेते, पोरं घेतात."

"गोळी माशीनं अंगात सोडलेल्या किड्यांना आवरते. माशी चावायची थांबते का?" तिनं स्टुलाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाबांचे डोळे गेले. माझ्या पोरांच्या बाबतीत मला वाट बघत बसायचं नाहीये."

ती शेताकडे गेली आणि मी अंगणात उभी राहिले. ही चौघं गेली की उरणार कोण? मी आणि म्हातारा आणि शेळ्या. मी ओरडायचं कुणावर? म्हातारा हसण्यावारी नेतो आणि शेळ्या उलट उत्तर देत नाहीत. उलट उत्तर नाही तर ओरडण्यात काय राम?

संध्याकाळी ती परत आली. अंबाडीची भाजी दाण्याच्या कुटात शिजत होती. मी पळी आपटून म्हटलं, "माशा मी घालवते."

लाम्वाका हसली. "आई, तुम्ही कोणालाही घालवाल. मागच्या वर्षी त्या बी-बियाणंवाल्याला घालवलंत तो अजून ह्या रस्त्यानं जात नाही. पण माशा ऐकणाऱ्यातल्या नाहीत."

"आणि घालवल्या तर?"

मग तिनं कोपऱ्यातल्या सुपाकडे बोट केलं. "नदीकाठचा तो सपाट खडक आहे ना? तिथे सकाळच्या वेळी मी बसायचं, पाय उघडे टाकून, आणि ह्या भरल्या सुपातल्या शेंगा सोलायच्या. सूप रिकामं होईपर्यंत एकही चापट मारावी लागली नाही, तर मी राहते."

"ठरलं," मी म्हटलं.

"ठरलं," दारातून म्हातारा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आमच्या भागात ओजारा नावाचा एक सरकारी माणूस फटफटीवर येतो. पोट सुटलेला, शहरात वाढलेला, पाण्याला घाबरणारा. नदीकाठी बसून तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि पायावर माशी बसली की काचेच्या नळीत पकडतो. दिवसभर हेच काम. पूर्वी गावातली पोरंसोरं त्याच्याभोवती हसायला जमायची, की बघा, ह्याला चावून घ्यायचा पगार मिळतो. मी म्हाताऱ्याचा हात धरून नदीवर गेले, त्याला झाडाखाली टेकवलं आणि ओजारासमोर जाऊन उभी राहिले.

"काय रे, ह्या माशा येतात कुठून? मी डबकी बुजवली. शेणाचा धूर केला. गोठा रोज झाडते. तरी येतातच मेल्या!"

"मेगो," तो म्हणाला. मोठ्या बाईला आम्ही असंच मानानं हाक मारतो, तेवढं त्याला शहरातही कोणीतरी शिकवलं होतं. "डबक्यात डास होतात. ही माशी चोखंदळ आहे. हिला धावतं पाणी लागतं, स्वच्छ, फेसाळणारं. त्या खळाळात बघा, गवत पाण्यात लोंबतंय ना? त्यातलं एक पातं आणा."

"तूच आण की."

"मला सर्दी आहे."

मी लुगडं खोचलं आणि खळाळात उतरले. पातं उपटून उन्हात धरलं. त्याला तीळ चिकटावेत तशा अळ्या चिकटल्या होत्या. शेपटीनं घट्ट धरून बसलेल्या, डोकं पाण्याच्या दिशेनं, तोंड उघडं, जे वाहत येईल ते खायला तयार. हुबेहूब माझा दीर.

"आणि ते नदीत घालायचं औषध? तू मागे म्हणाला होतास."

"येणार आहे, मेगो."

"कधी?"

"येणार आहे."

येणाऱ्या जावयासाठी कोणी आधीच कोंबडी शिजवून ठेवत नाही. मी म्हटलं, "औषध येईल तेव्हा येईल. त्याच्याशिवाय काय करता येतं ते सांग."

"हे गवत, ह्या वेली, ही लोंबती मुळं कापून काढा. धरायला काही नसलं की अळ्या टिकत नाहीत. मात्र कापलं की ते..."

"कळलं."

"नाही, मेगो, कापलं की ते सगळं..."

"अरे, तुला दात आले नव्हते तेव्हापासून मी गवत कापतेय. तू मला गवत शिकवतोस?"

तेवढ्यात त्याच्या पोटरीवर माशी बसली आणि तो नळी घेऊन तिच्यामागे लागला. मी म्हाताऱ्याला उठवलं आणि घरी आले. अर्धं काम झाल्यासारखंच वाटत होतं.

माणसं गोळा करायला गेले तेव्हा कळलं, खरं काम पुढेच आहे. झाडाखाली पुरुष खड्ड्यांच्या पाटावर बिया टाकून खेळत बसले होते. मी म्हटलं, "उठा. नदीतलं गवत कापायचंय."

म्हातारा ओयेत आमचा शेजारी. सगळ्या गावाच्या बांधांची भांडणं त्याला तोंडपाठ. हातातल्या बिया खाली न ठेवता तो म्हणाला, "शेत कुणाचं?"

"शेत नाही, नदी."

"मग इर्जिक कुणाची?"

आमच्याकडे असं आहे. ज्याचं शेत तो नाचणीची दारू, कोंगो, लावतो आणि गावाला इर्जिकीला बोलावतो. माणसं गाणी म्हणत काम करतात आणि संध्याकाळी मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी कोंगो ओढतात. ज्याची कोंगो, त्याचं शेत. न बोलावता दुसऱ्याच्या शेतात खुरपं घालणं म्हणजे त्या शेतावर डोळा ठेवणं. ह्याला कोणी आळस म्हणू नये, ही आमची रीत आहे. लढाईच्या दिवसांत आम्ही सगळे छावणीत होतो. परतलो तेव्हा रानानं बांध गिळले होते, कुणाची हद्द कुठे ते कळेना. त्या वेळी पंच एकच प्रश्न विचारायचे, "ह्या जागेवर तुम्ही कुणाच्या इर्जिकीची कोंगो प्यायलात?" चार म्हाताऱ्यांनी एकच नाव घेतलं की जमीन त्याची. माझं तिळाचं शेत मला असंच परत मिळालं. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त माशी होती.

"कोंगो माझी," मी म्हटलं.

ओयेतनं आता बिया खाली ठेवल्या. "म्हणजे नदी तुझी?"

"आज माझी समज, आणि कोयत्याला धार लाव."

सगळे हसले. मीही हसले.

कोंगो कशी लावतात ते माझ्याकडून शिकावं. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची, आणि मडक्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. माझ्या कोंगोचा वास सुटला की बांधापलीकडचे आजारी लोकही उठून बसतात. इर्जिकीच्या दिवशी सगळं गाव आलं. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात कोयते चालवत होते, बाया काठावरून विळ्यानं वेली ओढत होत्या. कामाची गाणी मालकाची टिंगल करणारीच असतात. ओयेतनं लगेच एक जुळवलं:

"नदीच्या मालकिणीला माशी चावली,
माशी बिचारी जागीच मेली!"

सगळे पाण्यात हसून हसून वाकले. माझा नवरा तर काठावर बसून ताल धरत होता. कापलेलं गवत आम्ही सोडून देत होतो नदीतच. पाणी न्यायला तयार, मग उचलायचं कशाला? झराझरा सगळं वाहून गेलं, वळणामागे दिसेनासं झालं. खडक कसे धुतलेल्या भांड्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं, झालं!

थोडे दिवस चापटा खरंच कमी झाल्या. मी सुनेकडे बघायची, ती दुसरीकडे बघायची. मग एके सकाळी, चापट. नातीची. मग आणखी एक. मग पूर्वीसारखंच. लाम्वाकानं फक्त माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि झाकण उघडं टाकून उन्हात ठेवली, वास जायला. बोलली असती तर बरं, निदान मला भांडता तरी आलं असतं.

त्याच दिवशी माझी विहीण आली.

लाम्वाकाची आई, अचायो. उंच, वाळलेली, पाठ सरळ. तिचं गाव नदीच्या खालच्या अंगाला, वळणापलीकडे, तिथे दुसरा खळाळ आहे. डोक्यावर ओल्या गवताचा भारा, पाणी कानावरून निथळतंय, आणि मागे आमचे शेजारी, कारण असा भारा बघून घरात बसेल तो माणूसच नव्हे. तिनं अंगणाच्या मधोमध भारा आपटला.

"घ्या विहीणबाई. तुमचं सामान आमच्याकडे राहिलं होतं."

"अहो, बसा तरी."

"बसायला नाही आले. भांडायला आले."

"मग बसूनच भांडा. ह्या वयात उभ्यानं दम लागतो."

"वय? माझं वय काढता? तुमच्या लग्नात मी आईच्या कडेवर होते."

"मग दात एवढ्या लवकर कसे पडले?"

शेजाऱ्यांत खसखस पिकली. मुलीची आई दारात आली की कोंबडी कापल्याशिवाय तिला परत पाठवता येत नाही, मग ती घर जाळायला आलेली का असेना. म्हणून मी लाम्वाकाला खूण केली आणि ती कोंबडीमागे धावली. पुढचं सगळं भांडण त्या कोंबडीच्या कलकलाटातच झालं.

"तुम्ही कापलेला सगळा पाला आमच्या खळाळात येऊन अडकलाय," अचायो म्हणाली. "अळ्यांसकट! आमच्याकडे माशांची लग्नं लागलीत. आमची पोरं पाण्याला जायला तयार नाहीत."

"पाणी वाहून नेतं त्याला मी काय करू?"

"आणि दुसरं. आमचे म्हातारे म्हणतात, ओब्वोनाच्या आईनं नदीवर कोंगो पाजली. म्हणजे नदी तिची झाली. आज पाला सोडला, उद्या म्हणेल, पाणी भरायचंय? मला विचारा."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते ते. अंगणात ओयेत उभा होता, तो मान हलवत होता, म्हणजे त्याच्या डोक्यात ते आधीच पक्कं झालं होतं. त्या क्षणी म्हणायला हवं होतं, की नको बाई मला नदी, मला फक्त माशा नकोत. पण एवढ्या लोकांसमोर विहिणीपुढे माघार घेणारी बाई वेगळी, मी वेगळी.

"हो, झाली माझी," मी म्हटलं. "तुमच्यात कोणी पाजली होती का आजपर्यंत? आणि पाजली तरी येणार कोण? तुमची कोंगो एवढी पातळ की तिच्यात मासे पोहतील."

कोंबडीसुद्धा गप्प झाली. कदाचित तेव्हाच कापली गेली असेल.

अचायो जेवली. रागानं जेवली, हाडं चावून चावून, पण रीत मोडली नाही. हात धुऊन उठली आणि म्हणाली, "खालचा खळाळ आमचा. पुढच्या इर्जिकीला बघाच. आणि मासे पोहतात का तेही बघा."

ती निघाली तसा स्टुलावरून म्हातारा बोलला, "विहीणबाई, एक सांगू? कापलेलं गवत पाण्यात सोडू नका. काठावर लांब टाका, उन्हात. वाळलं की अळ्या मरतात. ओजारा तसं म्हणत होता."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "कधी म्हणाला?"

"तू गेलीस ना लुगडं खोचून पातं आणायला, तेव्हा. मग तो तुलाही सांगत होता, पण तू त्याला बोलू दिलं नाहीस."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू मला तरी कुठे बोलू देतेस?"

अचायो वळणापर्यंत हसत गेली. तिचं हसणं ऐकू येत होतं.

लोक हसून पांगले आणि मी भारा उचलून उन्हात पसरला. म्हातारा म्हणाला, "आता एक समज. माशीला काय, वरचा खळाळ आणि खालचा खळाळ सारखेच. तिकडे जन्मते, इकडे येऊन चावते. त्यांचा खळाळ साफ झाला नाही तर तुझं सूप कधीच रिकामं होणार नाही."

"मला काय ठाऊक नाही?" मी म्हटलं. "म्हणूनच तर तिला डिवचलं."

तुम्हीही तसंच समजा. गावात आता सगळे तसंच सांगतात.

अचायोची इर्जिक झाली. खालच्या गावातून येणारा प्रत्येक जण कोंगो किती चांगली होती ते सांगत होता, आणि मुद्दाम माझ्या दारावरून जाऊन सांगत होता. शेवटी मी तिची टोपली परत करायच्या निमित्तानं गेले. टोपली तिची नव्हती. तिनं घेतली. त्यांचे खडक स्वच्छ होते आणि पाल्याचे ढीग काठापासून लांब, कडक उन्हात वाळत पडले होते. तिनं माझ्यापुढे मडक्याच्या तळाशी उरलेली कोंगो ठेवली. मी ओढली. दाट होती, आंबटपणा बरोबर, धुराचा वास नाही.

"बरी आहे," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडून बरी म्हणजे आमच्या गावात सण," ती म्हणाली.

पण पावसाळ्यात गवताला काय, कापलं की दुप्पट. महिना होतो न होतो तोच आमच्या खळाळात कोवळे तुरे लोंबायला लागले. आता परत माणसं कोण बोलावणार, ह्या विचारात मी होते, तेवढ्यात ओयेतच काठी टेकत आला आणि कुंपणाबाहेरून ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अगं ए नदीच्या मालकिणी! तुझ्या शेतात तण माजलंय!"

आमच्यात ह्याहून मोठी शिवी नाही. चोर म्हणा, चेटकीण म्हणा, चालतं. पण ज्या बाईच्या शेतात तण उभं आहे तिच्याकडे पाहुणे पाणीसुद्धा पीत नाहीत. शेत माझं म्हटलं की निंदणीही माझीच. मी त्याच दिवशी नाचणी भिजत घातली. आणि मी भिजत घातली हे कळल्यावर खाली अचायोनंही घातली, कारण तिच्याही दारावर कोणीतरी ओरडून गेलंच होतं. तेव्हापासून नदीला निंदणी लागली, तिळाला असते तशी. वर माझी, खाली तिची. कुणाचे खडक जास्त लखलखीत ह्यावर दोन्ही गावांत वाद. आता पाला काठावरच पडतो. एकदा आमच्यातल्या कोणीतरी एक वेल चुकून सोडली तर ओयेतनं त्याची नळी कोंगोतून काढून घेतली.

ह्या सगळ्यात पत्र्याची पेटी भिंतीशीच होती. लाम्वाका कोयता घेऊन प्रत्येक इर्जिकीला यायची, कुणाहून कमी काम करायची नाही, पण पेटी काही माळ्यावर गेली नाही. मी रोज तिच्यावरून नजर फिरवायची. एकदा बघितलं तर आत पोरांचे दोन गणवेश घडी घालून ठेवलेले. मी झाकण लावलं. जोरात.

मग एक दिवस ओजारा आला, नेहमीप्रमाणे नळ्या मांडून, पँट दुमडून बसला. दुपारी मी पाण्याला गेले तर तो झाडाला टेकून घोरत होता, पाय तसेच उघडे. मी हाक मारून उठवलं.

"काय रे, सरकार झोपायला पाठवतं का?"

"माफ करा, मेगो," तो डोळे चोळत म्हणाला. "काही चावलंच नाही. जागं कशानं राहणार?"

मी घागर तशीच टाकून घरी आले आणि सुनेला म्हटलं, "सूप काढ."

दुसऱ्या सकाळी आम्ही खडकावर गेलो तर अचायो आधीच येऊन बसलेली. "कोणीतरी न्यायाला नको का?" म्हणाली. सूप तिनंच भरलं, शेंगा वरून ओघळेपर्यंत.

"अहो, केवढं भरता! मुलगी तुमचीच ना?"

"म्हणूनच. उद्या कोणी म्हणायला नको की आईनं सूट दिली."

लाम्वाकानं पाय पुढे सोडले, पिंढऱ्या उघड्या टाकल्या आणि सोलायला लागली. म्हाताऱ्याला नातीनं काठी धरून आणलं. तो खडकाच्या टोकाला बसला, कान नदीकडे. "मी पंच," म्हणाला. "चापटीचा आवाज माझ्याइतका कोणी ओळखत नाही." ही माशीची ऐन वेळ. नेहमी ह्या वेळी इथे बसणं म्हणजे अंगावर निखारे घेणं. शेंगा तडतड फुटत होत्या, टरफलं पाण्यात जात होती. तिन्ही पोरं खालच्या उथळ पाण्यात उघड्या पाठीनं डुंबत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती.

अचायो माझ्या कानाशी वाकली. "कितगुमला गेली तर मला ती कधी दिसली असती हो? तुमच्या घरून निदान बाजाराच्या दिवशी भेट होते. माझी एकच मुलगी."

माझ्या डोक्यात जरा उशिरा उजेड पडला. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी..."

"मग? ओलं गवत डोक्यावर घेऊन मी काय हवा खायला आले होते? माणूस पाठवूनही सांगता आलं असतं. पण सरळ सांगितलं असतं, की विहीणबाई, दोघी मिळून नदी साफ करू या, तर तुम्ही ऐकलं असतंत?"

मी बोलले असते तर तिला जिंकल्यासारखं वाटलं असतं. नाही बोलले तरी वाटलंच, तिच्या नाकावर दिसत होतं.

सूप तळाशी आलं. मूठभर शेंगा राहिल्या असतील. तेवढ्यात ती आली. एकच, काळी, पाठीत वाकलेली. लाम्वाकाच्या घोट्याभोवती घिरटी घालून पिंढरीवर बसली. मी पाहिली. अचायोनं पाहिली, तिची बोटं माझ्या मनगटावर रुतली. लाम्वाकाला कळलं नाही असं होणारच नाही, आमच्या कातडीला ती माशी झोपेतही कळते. तिचा हात वर गेला.

मग तिनं वळून पोरांकडे पाहिलं. धाकटा पाठमोरा उभा होता, पाठ ओली, चकचकीत, आणि त्या पाठीवर काही नव्हतं. इतका वेळ एकानंही स्वतःला चापट मारली नव्हती. तिचं लक्ष सकाळपासून तिकडेच होतं, स्वतःच्या पायाकडे नव्हतंच.

वर गेलेला हात खाली आला तो सुपात. तिनं एक टरफल उचललं, हळूच पिंढरीवर टेकवलं, अंगठ्यानं दाबलं आणि टरफल बाकीच्या टरफलांबरोबर नदीत सोडून दिलं. मग उरलेल्या शेंगा सोलल्या आणि सूप उलटं करून झटकलं.

"संपल्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"संपल्या, बाबा."

"चापट नाही?"

"तुम्हाला ऐकू आली का?"

"नाही."

"मग?"

म्हाताऱ्यानं माझ्या दिशेनं मान वळवली. "काय गं, तुला काही दिसलं का?"

"मला काय दिसणार?" मी म्हटलं. "डोळ्यांवर ऊन येतंय."

"मलाही," अचायो म्हणाली.

घरी आल्यावर लाम्वाकानं पेटीतले गणवेश काढून दोरीवर टाकले आणि सोललेले दाणे पेटीत ओतले. म्हणाली, उंदीर फार झालेत, पत्र्यात बरे राहतील. ओब्वोनाला निरोप पाठवला की खोली सोडून दे. मी चुलीशी बसून कांडायला घेतलं, कारण माझं तोंड कुणाला दिसावं असं मला वाटत नव्हतं.

अचायो जायला निघाली. मी कोंबडी कापते म्हटलं तर म्हणाली, दर वेळी कोंबडी कापाल तर अंड्यांना मुकाल. कुंपणापाशी थांबून तिनं नदीकडे हात केला, डोळे बारीक केले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"मालकीणबाई, वरच्या अंगाला, त्या मोठ्या खडकामागे, तण दिसतंय हो!"

"कुठे? काहीतरीच!" मी म्हटलं.

ती वळणाआड गेल्यावर मी कोयता घेतला आणि बघायला गेले.